सगळं धरून वीस हजार

मागच्या वेळी परगावी गेलात आणि ॲपवरून कुणाच्या घरातली खोली घेतलीत, तेव्हा तुमच्या खिशातून गेलेल्या पैशांतले त्या घरच्या बाईच्या हातात किती पडले, सांगता येईल? नाही येणार. वायफाय चालतं का, गरम पाणी किती वेळ येतं, उशा किती आहेत, हे सगळं विचारलं असेल तुम्ही. हे नाही विचारलंत. म्हणून आता कात्रीबाईंची गोष्ट ऐका, आणि मधेच उठून जाऊ नका.

कात्रीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण आमच्या रस्त्यावर खरं नाव विचारलंत तर पोस्टमनलासुद्धा डोकं खाजवावं लागेल. बाई शिवणकाम करतात. रस्त्याकडे तोंड करून दुकान, दुकानात एक पायाचं मशीन, एक मोटारीचं, कापड बेतायचं लांब टेबल, आणि त्या टेबलाच्या मागे भिंतीवर काळा फळा. फळ्यावर पांढऱ्या खडूने भाव. पँट आखूड करणे, चेन बदलणे, कोट सैल करणे, पडद्याला अस्तर लावणे. समोर एकेक आकडा. रस्त्यावरून चालणाऱ्यालाही वाचता येईल एवढा मोठा.

फळ्यावर नसलेलं काम आलं तर बाई कापड हातात घेणार, उलटं करून बघणार, उजेडाकडे धरणार आणि भाव सांगणार. तोही कात्री लावायच्या आधी. गिऱ्हाईक 'हो' म्हणालं की मगच कात्री. आणि एकदा कात्री लागली की भाव बदलायचा नाही. कापडाने दगा दिला तरी नाही. एका साहेबाचा ओव्हरकोट आला होता. उसवायला घेतला तर अस्तराच्या आत आणखी एक अस्तर, त्याच्या आत कॅनव्हास, सगळं गोंदाने चिकटवलेलं. बाईंची बोटं सोलवटली. साहेब कोट न्यायला आले, बोटांच्या पट्ट्या बघून जास्त पैसे काढायला लागले. बाई म्हणाल्या, "मी बघायला चुकले, त्याचे पैसे तुम्ही का द्यायचे?" साहेब ओशाळले. बाई नाही. बाईंना आपण चांगलं वागलो असंही वाटलं नव्हतं. भाव म्हणजे भाव, एवढंच.

नवरा लिफ्टमन होता. एका उंच इमारतीत आयुष्यभर स्टुलावर बसून माणसं वर-खाली केली. रिटायर झाल्यावर घरात कुठलाही वाद पेटला की दोन्ही बाजू ऐकून घेतो आणि विचारतो, "मग वर जायचं की खाली?" चिडलेल्या माणसालाही हसू येतं. बाईंना येत नाही. त्या म्हणतात, "अहो, तुमचं स्टूल सुटलं, सवय सुटली नाही."

मग तयार कपड्यांचे ढीग आले. माणसं कपडा दुरुस्त करायचा सोडून टाकून द्यायला लागली. दुकानामागच्या खोलीत काजं-बटणं करायला दोघी बायका बसायच्या, त्यांना काम पुरेना, त्या गेल्या. खोली रिकामी झाली. तेव्हा लेकीने, ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते, ती खोली ॲपवर टाकली.

खोली चालली. कारण सांगते. आमच्यापासून दोन रस्ते सोडून कृत्रिम पाय बसवायचं केंद्र आहे. तिथे माणूस एकदा येऊन भागत नाही. माप, साचा, मग पाय, मग त्या पायावर चालायची शिकवणी. आणि कात्रीबाईंच्या त्या खोलीला रस्त्यापासून पलंगापर्यंत एकही पायरी नाही. कापडाचे गठ्ठे आत यावेत म्हणून दार रुंद. मोडीत निघालेल्या लिफ्टमधला पितळी दांडा नवऱ्याने उचलून आणला होता, तो न्हाणीत धरायला लावला. पडदे, उशांचे अभ्रे, सगळं बाईंच्या हातचं. अशी खोली त्या भागात दुसरी नाही.

ॲपवर खोलीचा रोजचा दर लावलेला होता. पाहुणा बघायचा, त्याला जे काही दिसायचं ते भरायचा, यायचा. त्याला नेमकं किती दिसतं, हे कात्रीबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. पाहायची गरजच पडली नव्हती, कारण आकडा त्यांनी स्वतःच्या तोंडाने कुणाला सांगितला नव्हता.

तो एकदा सांगितला, आणि तिथेच घोळ झाला.

एका फरशीवाल्याचा मेसेज आला. परगावचा माणूस, फरश्या बसवायचं काम करतो. लेकीला नवा पाय बसवायचाय, महिनाभर तरी राहावं लागेल, पुन्हा तपासणीला यावं लागेल. काही कमी कराल का? बाईंनी लेकीकडून टाईप करून घेतलं: 'वीस हजार. सगळं धरून. वर एक पैसा नाही.'

त्याचं उत्तर आलं: 'ताई, कबूल.'

ॲपमध्ये पाहुण्याला खास दर पाठवायचं बटण असतं. लेकीने वीस हजार टाकले आणि बटण दाबलं. बाईंच्या दृष्टीने कात्री लागली.

दुपारी बाई टेबलावर पडद्याचं कापड पसरून बसल्या होत्या, तेव्हा पुन्हा मेसेज. लेक कामावर होती, म्हणून बाईंनी मला हाक मारली. मी समोरच चौकात टेबल टाकून बसते. लोकांच्या तक्रारी, अर्ज, नोटिसांना उत्तरं लिहून देते. बाई मला 'मोर्चा' म्हणतात.

"ए मोर्चा, इकडे ये. हा माणूस काय म्हणतोय वाच."

मी वाचलं. 'ताई, तुम्ही वीस सांगितले, इथे तेवीस हजार मागतायत. तुम्हीही कारागीर, मीही कारागीर. फरशी उतरवल्यावर भाव वाढवणारे मी बघितलेत, तुम्ही त्यातल्या निघालात. आम्ही दुसरीकडे बघतो.'

बाईंनी खडू खाली ठेवला. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"तेवीस कुणी सांगितले?"

"ॲपने. आपल्या दरावर त्यांचं सेवा शुल्क चढवलं."

"आपल्याला न विचारता?"

"तुम्हाला दाखवलंसुद्धा नाही. तुमच्या स्क्रीनवर वीसच आहेत, हे बघा. तेवीस फक्त त्याला दिसतायत."

मला वाटलं आता बाईंच्या तोंडाची कात्री चालणार. पण त्यांचा चेहरा, खोटं सांगत नाही, कुणीतरी भर रस्त्यात थोबाडीत मारावी तसा झाला होता. त्यांना तीन हजारांचं दुःख नव्हतं. त्यांच्या तोंडचा भाव त्यांच्या नकळत कुणीतरी बदलला होता, आणि एका कारागिराने त्यांना भाव फिरवणारी बाई म्हटलं होतं. आजवर हे कुणी म्हटलं नव्हतं.

मदत केंद्राला फोन लावला, मोठ्या आवाजावर. गाणं वाजलं, मग आणखी गाणं वाजलं, मग एक मुलगी आली. बोलणं गोड, जणू आपण तिच्या लग्नाला आलोय.

"मॅडम, आपण पाठवलेला खास दर ही आपली रक्कम. पाहुण्यांना त्यावर सेवा शुल्क लागतं."

"मी 'सगळं धरून' असं लिहिलं होतं."

"ते संवादात लिहिलं होतं, मॅडम. संवाद वेगळा, दर वेगळा."

"म्हणजे तुमच्याकडे बोलायचं एक आणि घ्यायचं एक?"

"अटी आणि शर्तींमध्ये हे नमूद आहे, मॅडम."

"बटणावर का नाही नमूद? मी तर बटणच दाबते."

"आपली सूचना आम्ही पुढे पाठवू."

"पुढे म्हणजे कुठे? पत्ता सांगा, मी स्वतः आणून देते."

फोन कट झाला. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. "मग वर जायचं की खाली?" त्याने विचारलं.

"खाली," बाई म्हणाल्या. "माझा आकडा खाली. त्याला वीसच दिसले पाहिजेत. वीस म्हणाले मी."

मी म्हटलं, "अहो, चूक त्यांची. तुम्ही का भरायचं?"

"त्यांनी वीस सांगितलेच नव्हते. सांगितले मी."

या वाक्यावर मला आजही राग येतो.

आम्ही आकडा कमी करत गेलो. आपला दर उतरवला की त्यांचं शुल्कही जरा उतरतं, म्हणून पुन्हा पुन्हा करून बघावं लागलं. शेवटी बाईंचा दर सतरा हजार चारशेवर आला तेव्हा पाहुण्याच्या बाजूला वीस उभे राहिले. त्यातूनही ॲपने बाईंच्या बाजूने वेगळे पाचशे कापले. दोन्हीकडून खातात, हे तेव्हा कळलं. आणि एरवी पाहुण्यांकडून साफसफाईचे वेगळे पैसे मिळतात ना, ते खास दरात मिळतच नाहीत, आतच जिरतात. म्हणजे शेजारची सून चादरी धुते, तिचे पैसे बाईंच्या पदरचे.

नवा दर गेला. फरशीवाल्याने कोरडं 'ठीक' लिहिलं आणि बुकिंग केलं. आपण आवाज चढवला म्हणून बाई नरमल्या, असंच त्याला वाटलं असणार.

तो आणि त्याची लेक आले ते गाल फुगवूनच. पोरगी कॉलेजात जायच्या वयाची, कुबड्यांवर, पण डोळे लखलखीत. बाप सामान आत नेत होता, ती दुकानात थांबली आणि फळा वाचायला लागली. बाईंनी पँट, चेन, कोट सगळं एका कोपऱ्यात बारीक अक्षरात ढकललं होतं. मधे मोठ्या अक्षरात हे होतं:

पाहुण्यांनी दिले: वीस हजार.
ॲपने पाहुण्यांकडून घेतले: सव्वीसशे.
ॲपने माझ्याकडून घेतले: पाचशे.
माझ्या हातात: सोळा हजार नऊशे. धुणं यातच.

पोरीने मोठ्याने वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा बाप दारात येऊन उभा होता.

"बाबा, हे आपलंच आहे."

फरशीवाल्याने टोपी काढली. हातावर सिमेंटचे जुने चट्टे. "ताई, मी तुम्हाला काय काय बोललो."

"बोललात," बाई म्हणाल्या. "तुमच्या जागी मी असते तर यापेक्षा जास्त बोलले असते. चहा घेणार ना?"

"हे तुम्ही आधी का नाही कळवलंत?"

"कळवून काय? तुम्ही उरलेले पाठवले असते. मग माझे वीस कुठे राहिले?"

चहा घेताना तो उंबऱ्याजवळची एक फरशी पायाने दाबून बघत होता. डुगडुगत होती ती. सवय, दुसरं काय.

पोरीने फळ्याचा फोटो काढला आणि ॲपवरच्या रिव्ह्यूमध्ये टाकला. पुढच्या पाहुण्यांनी येऊन नवा फोटो टाकला, कारण बाई प्रत्येक मुक्कामाचे आकडे नव्याने लिहायला लागल्या होत्या. लोक रस्त्यात थांबून वाचायचे. आमच्याच रस्त्यावर आणखी चार घरांत खोल्या ॲपवर आहेत. त्या घरच्यांनी आपापल्या फोनमध्ये डोकी घातली. बेकरीवाल्याची बायको तर आठवडाभर नवऱ्याशी बोलली नाही, कारण पाहुण्यांकडून परस्पर जास्त घेतो म्हणून ती त्याच्यावरच संशय घेत होती आणि आता माफी कशी मागायची ते तिला कळेना.

मग कंपनीची नोटीस आली. 'आपल्या जागेतील मजकूर पाहुण्यांची दिशाभूल करणारा आहे. तो काढून टाकावा, अन्यथा आपली जागा ॲपवरून हटवण्यात येईल.'

दिशाभूल. हा शब्द वाचून माझं डोकं फिरलं. मी उत्तर लिहायला बसले, बाईंनी कागद ओढून घेतला. "लिहू नकोस. पत्ता आहे ना नोटिशीवर? चल."

फळा भिंतीवरून उतरवला. खडू पुसला जाऊ नये म्हणून वरून चादर गुंडाळली. एका टोकाला नवरा, एका टोकाला मी, बाई पुढे.

कंपनीचं ऑफिस काचेच्या इमारतीत. आत घराच्या आकाराच्या उशा, भिंतीवर हसऱ्या कुटुंबांची चित्रं. लिफ्टमध्ये शिरल्यावर नवऱ्याने इकडे तिकडे बघितलं आणि खिन्नपणे म्हणाला, "हिच्यात माणूसच नाही."

आम्हाला भेटायला एक तरुण आला. यजमान संबंध अधिकारी, असं गळ्यातल्या पट्टीवर. वागायला अगदी सभ्य. खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, तुमची नाराजी आम्ही समजू शकतो म्हणाला. बाईंनी चादर सोडली आणि फळा त्याच्या काचेच्या टेबलाला टेकवून उभा केला.

"यातला खोटा आकडा कुठला?"

त्याने वाचलं. बराच वेळ वाचलं. "आकडे खोटे नाहीत, मॅडम. पण अशा मांडणीमुळे गैरसमज होतो."

"गैरसमज तुमच्या बटणाने होतो. मी पैसे कमी करा म्हणत नाही. खास दर पाठवायच्या आधी पाहुण्याला किती दिसणार, ते मला दाखवा. एवढं करा, मी आज फळा पुसते."

"ते तांत्रिक टीमकडे आहे."

"ती कितव्या मजल्यावर बसते?" नवऱ्याने विचारलं.

"ती इथे नसते, सर." मग तो पुढे वाकला. "मॅडम, आपण यावर मार्ग काढू. आपल्या खोलीला आम्ही 'विशेष यजमान' हा बिल्ला देऊ. आणि झालेल्या त्रासाबद्दल काहीतरी देऊ. तुम्ही फक्त फलक पुसा आणि रिकाम्या फलकाचा फोटो पाठवा."

मी तोंड उघडणार होते. बाईंनी माझा हात दाबला.

"पुसायचे किती देता?"

तरुणाचा चेहरा खुलला. "पाच हजारांचं कूपन, मॅडम."

"सगळं धरून सांगा. कात्री लावायच्या आधी मी सगळं धरून विचारते."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या हातात किती?"

त्याने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. वाचलं. खाली सरकवलं, पुन्हा वाचलं. कान तांबडे झाले. "हातात नाही, मॅडम. ॲपवर खोली बुक करताना वापरता येईल. आणि त्यावर..." तो थांबला.

"बोला."

"त्यावर सेवा शुल्क लागू राहील."

बाजूच्या टेबलावरची मुलगी फिस्सकन हसली आणि तिने तोंडावर हात धरला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फळ्याला चादर गुंडाळली, दोन्ही टोकांना नीट गाठी मारल्या.

"तुमचा स्वतःचा भाव तुम्हाला एका दमात सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, "आणि माझा मला पुसायला सांगता. अहो, चला."

"खाली," नवरा म्हणाला, आणि लिफ्टचं बटण त्याने स्वतः दाबलं.

त्याच आठवड्यात खोली ॲपवरून गायब झाली. बिल्ला नाही, कूपन नाही, खोलीही नाही. लेक कामावरून आली ती तणतणतच. "आई, पुसला असतास तर काय बिघडलं असतं? खोली भरलेली होती. आता रिकामा पलंग झाडत बस."

"बसेन."

"तुला मिळालं काय यातून?"

"मी वीस म्हणाले होते, त्याने वीसच दिले," बाई म्हणाल्या. "हे मिळालं."

लेक धुसफुसत मशीनवर बसली आणि अर्धवट राहिलेल्या पडद्याला टीप घालायला लागली. तीही त्याच घरची. शिवण वाकडी जाऊ दिली नाही.

खोली बरेच दिवस रिकामी होती. हे लपवत नाही. ताठ मानेचं भाडं कुणी देत नाही. पण बाईंनी फळा पुन्हा भिंतीवर लावला, आणि खाली एक ओळ वाढवली: 'मागची खोली भाड्याने. पायरी नाही. दर इथेच सांगू, सगळं धरून.'

मग एका सकाळी दुकान उघडायच्या वेळी कुणीतरी शटर वाजवलं. फरशीवाला आणि त्याची लेक, तपासणीसाठी. पोरगी नव्या पायावर उभी होती, हातात एकच काठी. ॲपवर खोली दिसली नाही, म्हणून ते सरळ दारात आले होते. ती आत शिरली, उंबऱ्याजवळच्या त्या डुगडुगत्या फरशीवर नवा पाय पडला आणि ती तोल जाऊन टेबलाला धरून थांबली. बाप लगेच गुडघ्यावर बसला, फरशी उचकटली, खालची वाळू चिमटीत घेऊन बघितली.

"ही आज बसवून देतो, ताई. पैसे नकोत."

"उठा," बाई म्हणाल्या. "आधी भाव."

"अहो, एका फरशीचा काय भाव?"

"ते मला काय विचारता? तुमचं काम आहे. सगळं धरून सांगा."

त्याने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, मग फळ्याकडे. आकडा सांगितला. बाईंनी 'कबूल' म्हटलं. मगच त्याने छिन्नी काढली. पोरगी स्टुलावर बसून दोघांकडे बघत हसत होती.

आमच्या रस्त्यावर आता त्या चारही खोल्यांच्या दारात फळे आहेत. बेकरीवाल्याचा तर भाकरीएवढ्या अक्षरांत आहे. दोघांना नोटिसा आल्यात, त्यांची उत्तरं मी लिहितेय, आणि यावेळी कागद माझ्या हातातून कुणी ओढून घेणार नाही. ते बटण अजून तसंच आहे. दाबणाऱ्याला एक आकडा, देणाऱ्याला दुसरा.

तुम्ही आता पुन्हा कुठेतरी जाल. कुणाच्या तरी घरात झोपाल, कुणीतरी धुतलेली चादर अंगावर घ्याल. किल्ली परत देताना त्या घरच्या माणसाला एकदा विचारा: मी दिलेल्यातले तुमच्या हातात किती आले? ते जो आकडा सांगतील तो तुमच्या रिव्ह्यूत, तुम्ही दिलेल्या आकड्याच्या शेजारी लिहा. तारे द्या, नका देऊ, तुमची मर्जी. ते दोन आकडे मात्र लिहाच.